वेढे वाढवले म्हणून वीज वाढत नाही

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

शाळांची विज्ञान प्रदर्शने सुरू झाली की रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या तिन्ही जिल्ह्यांतून घरी बनवलेल्या पवनचक्क्या आणि पऱ्ह्याच्या, म्हणजे डोंगरओढ्याच्या, पाण्यावर फिरणारी छोटी जनित्रे यांच्या बातम्या छायाचित्रांसह छापून येतात. आपले वृत्तपत्र या मुलांना आवर्जून जागा देते, याचा आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन ट्रेडच्या मुलांना वाइंडिंग, म्हणजे तारेचे वेढे गुंडाळून कॉईल बनवणे, शिकवण्यात उमेदीची वर्षे घालवलेल्या माझ्यासारख्या माणसाला मनापासून आनंद होतो. मात्र या बातम्यांत एक विधान वरचेवर येते, ते असे की अमुक विद्यार्थ्याने बारीक तारेचे जास्तीत जास्त वेढे दिल्यामुळे जास्तीत जास्त वीज तयार झाली; आणि पुरावा म्हणून शेजारी मल्टीमीटरवरचा व्होल्टचा आकडा दाखवलेला असतो. हे विधान अर्धेच खरे आहे. त्यावर विसंबून अनेक पालक आज तांब्याच्या तारेवर बराच पैसा घालत आहेत आणि मुलांच्या हाती शेवटी जळालेली कॉईल राहते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

मायकेल फॅरेडे यांनी १८३१ साली दाखवून दिले की तारेच्या वेढ्यातून जाणारे चुंबकीय क्षेत्र बदलत राहिले की त्या वेढ्यात विद्युतदाब निर्माण होतो. प्रत्येक वेढा आपापला दाब देतो आणि वेढे एकामागोमाग जोडलेले असल्यामुळे त्या साऱ्यांची बेरीज कॉईलच्या दोन टोकांवर मिळते. म्हणजे वेढे दुप्पट केले की व्होल्टही दुप्पट होतात, हे निर्विवाद आहे. पण वीज म्हणजे नुसता दाब नव्हे. दिवा पेटतो, बॅटरी भरते किंवा पंखा फिरतो तो दाब आणि प्रवाह यांच्या गुणाकारावर, म्हणजे वॅटवर. आणि वेढे वाढवताना त्या गुणाकारातल्या दुसऱ्या आकड्याचे काय होते, हे प्रदर्शनात कोणी विचारत नाही.

एक हिशेब मांडतो. समजा, एका कॉईलच्या एका वेढ्याची सरासरी लांबी २० सेंटिमीटर आहे आणि बॉबिनवर (तार गुंडाळायच्या रिळावर) १ मिलिमीटर जाडीच्या तारेचे १०० वेढे बसतात. तार २० मीटर लागली. या जाडीच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरला सुमारे ०.०२२ ओहम असतो, म्हणून कॉईलचा रोध ०.४४ ओहम झाला. ठरावीक वेगाने चुंबक फिरवल्यावर ही कॉईल ६ व्होल्ट देते असे धरू. आता त्याच बॉबिनवर अर्ध्या मिलिमीटरची तार घेतली तर जाडी निम्मी म्हणून छेदाचे क्षेत्रफळ पाव होते आणि तेवढ्याच जागेत ४०० वेढे बसतात. दाब चौपट, म्हणजे २४ व्होल्ट. पण तारेची लांबी चौपट आणि मीटरमागे रोधही चौपट, त्यामुळे कॉईलचा रोध सोळापट होऊन ७ ओहमवर जातो. आणखी पुढे जाऊन पाव मिलिमीटरची तार घेतली तर १,६०० वेढे, ९६ व्होल्ट आणि ११२ ओहम. तिन्ही कॉईलमध्ये तांबे मात्र तेवढेच, १४० ग्रॅमच्या आसपास.

कोणत्याही कॉईलमधून बाहेर काढता येणारी जास्तीत जास्त शक्ती म्हणजे तिच्या मोकळ्या (काही न जोडता मिळणाऱ्या) दाबाचा वर्ग भागिले रोधाची चौपट. वरील तिन्ही कॉईलना हे सूत्र लावून पाहावे. प्रत्येक वेळी उत्तर २० वॅटच्या आसपास येते. तीच जागा, तेच तांबे, तेच चुंबक आणि तोच वेग असेल तर वेढे आणि तारेची जाडी यांची अदलाबदल करून शक्ती वाढत नाही. ती कोणत्या रूपात मिळणार, जास्त दाब आणि कमी प्रवाह की कमी दाब आणि जास्त प्रवाह, एवढेच आपण ठरवत असतो. कॉईलचे स्वप्रेरण (बदलत्या प्रवाहाला ती स्वतःच करते तो विरोध) मी या हिशेबात सोडले आहे, परंतु तेही वेढ्यांच्या वर्गाच्या प्रमाणातच वाढते, त्यामुळे तुलनेचा निष्कर्ष बदलत नाही. प्रत्यक्षात तर बारीक तार थोडी तोट्यातच राहते, कारण तारेवरच्या एनॅमलचा (वीजरोधक लेपाचा) थर बारीक तारेत तुलनेने जास्त जागा खातो. हाताने गुंडाळलेल्या गोल तारेच्या कॉईलमध्ये एरवीही जेमतेम निम्मी ते साठ टक्के जागाच तांब्याच्या वाट्याला येते.

मग मल्टीमीटरचा आकडा खोटा असतो का? तो खरा असतो, पण बिनलोडचा असतो. डिजिटल मीटरचा आतला रोध लाखो ओहमांत असतो, त्यामुळे कॉईलमधून प्रवाह जवळजवळ वाहतच नाही आणि तिच्या स्वतःच्या रोधात दाब हरवत नाही. आता वरच्या तीन कॉईलना एकामागून एक स्कूटरचा ६ व्होल्ट १० वॅटचा बल्ब जोडू. पेटलेल्या स्थितीत त्याचा रोध ३.६ ओहम असतो. जाड तारेची कॉईल त्याला सुमारे दीड अँपिअर आणि ५.३ व्होल्ट देते, बल्ब चांगला पेटतो आणि कॉईलमध्ये उष्णतेच्या रूपाने वाया जातो तो एखादा वॅट. ४०० वेढ्यांची कॉईल त्याच बल्बवर ८ व्होल्ट टाकते आणि बल्ब लवकरच उडतो. १,६०० वेढ्यांच्या कॉईलला, जी मीटरवर ९६ व्होल्ट दाखवून बक्षीस घेऊन जाते, बल्बपर्यंत ३ व्होल्टच पोचवता येतात. बल्ब तांबूस दिसतो, त्याला अडीच वॅटही मिळत नाहीत, आणि फिरवणाऱ्याने वेग कायम ठेवला तर कॉईलच्या आत ७७ वॅट उष्णता तयार होत राहते. तारेतला प्रवाह तेव्हा प्रत्येक चौरस मिलिमीटरमागे १७ अँपिअर झालेला असतो. सतत चालणाऱ्या छोट्या यंत्रात हे प्रमाण तीन ते पाच अँपिअरच्या वर जाऊ देऊ नये, हे रिवाइंडिंगच्या (जळालेल्या मोटारींत नवी तार भरण्याच्या) दुकानात काम करणाऱ्या कोणत्याही कारागिराला माहीत असते. वार्निश जळाल्याचा तो ओळखीचा वास येतो तो इथूनच. तांबे तापले की त्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्क्याने वाढतो, म्हणून कॉईल तापत जाते तसा बल्ब आणखी मंदावतो आणि मुलांना वाटते की चुंबक उतरले.

याचा अर्थ वेढ्यांची संख्या कशीही ठेवावी असा मुळीच नाही. उलट ती कामानुसार फार काळजीपूर्वक ठरवावी लागते, आणि कोकणात हे काम दोन अगदी वेगळ्या प्रकारचे असते.

पवनचक्कीचे आधी पाहू. १२ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी भरायची तर एसीचे डीसी करणाऱ्या डायोडच्या ब्रिजमध्ये जाणारे सुमारे १.४ व्होल्ट सोडून बॅटरीच्या टोकांवर १४ व्होल्टच्या आसपास दाब लागतो. जनित्राचा दाब बॅटरीच्या स्वतःच्या दाबाच्या वर गेला नाही, तर ते कितीही वेळ फिरले तरी बॅटरीत काहीच जात नाही. आमच्या १०० वेढ्यांच्या कॉईलचा ६ व्होल्टचा दाब लहरीच्या माथ्यावर साडेआठ व्होल्टपर्यंत चढतो, म्हणजे त्या वेगाला ती बॅटरीच्या दृष्टीने निरुपयोगीच आहे. म्हणून पाते किती फेऱ्यांवर असताना चार्जिंग सुरू व्हावे हे वेढ्यांवरून ठरते, आणि सुरू झाल्यावर किती अँपिअर न तापता वाहू शकतील हे तारेच्या जाडीवरून ठरते. दोन मीटर व्यासाच्या पात्यांवर सेकंदाला ४ मीटर वेगाचा वारा आला तर त्या वाऱ्यात सुमारे १२० वॅट असतात आणि चांगल्या घरगुती चक्कीला त्यांतले तीस-पस्तीस मिळतात. वारा ८ मीटरवर गेला की हा आकडा आठपट होतो. किनाऱ्यावर दुपारच्या खाऱ्या वाऱ्यात चार्जिंग सुरू व्हावे म्हणून मुले वेढे वाढवतात, ते योग्यच आहे, पण त्यासाठी बारीक केलेली तार आषाढातल्या झोडपणाऱ्या वाऱ्यात टिकत नाही. यावर जगभर वापरला जाणारा उपाय म्हणजे तीन फेजचे (कॉईलच्या तीन गटांचे) वाइंडिंग करून मंद वाऱ्यात ते स्टारमध्ये (तिन्ही गटांचे एकेक टोक एकत्र) आणि जोराच्या वाऱ्यात डेल्टामध्ये (तिन्ही गट टोकाला टोक लावून त्रिकोणात) जोडणे. स्टारमध्ये त्याच कॉईल डेल्टाच्या १.७३ पट दाब देतात, डेल्टामध्ये प्रवाहाला जास्त वाट मिळते. सहा टोके बाहेर काढून जोडणी बदलणारा एक चेंजओव्हर स्विच बसवला की हे होते. वारा फार वाढल्यावर चक्की वाऱ्यापासून बाजूला वळवणाऱ्या शेपटीला मात्र हाही पर्याय नाही.

पऱ्ह्यावरच्या जनित्राची गोष्ट निराळी, आणि माझ्या मते कोकणातल्या मुलांनी जास्त लक्ष द्यावे असे क्षेत्र हेच आहे. सड्यावरून वाडीकडे उतरणारा पऱ्ह्या पावसाळ्यात आणि पुढे काही महिने बऱ्यापैकी एकसारखा वाहतो, त्यामुळे चक्र जवळजवळ ठरावीक वेगाने फिरते आणि वाइंडिंग नेमक्या त्या वेगासाठी बेतता येते. सेकंदाला ५ लिटर पाणी १० मीटर उंचीवरून पाइपने खाली आणले तर त्यात ४९० वॅट असतात. घरगुती यंत्राने त्यातले निम्मे पदरात पाडले तरी २४० वॅट रात्रंदिवस मिळतात. पण पऱ्ह्या खाली आणि घर वर, मध्ये सुपारीची बाग, असे अंतर बहुतेक ठिकाणी असतेच. समजा ते १०० मीटर आहे आणि ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल टाकली आहे. जाऊन-येऊन २०० मीटर तारेचा रोध ०.८६ ओहम होतो. जनित्र १२ व्होल्टला बांधले तर २४० वॅटसाठी २० अँपिअर वाहावे लागतील आणि वाटेतच १७ व्होल्ट पडतील, म्हणजे होते त्यापेक्षा जास्त. घरी काहीच पोचणार नाही. हेच जनित्र ४८ व्होल्टला बांधले तर ५ अँपिअर पुरतात, वाटेत ४.३ व्होल्ट आणि सुमारे २१ वॅट जातात, बाकीचे घरात येतात. इथे चौपट वेढे आणि निम्म्या जाडीची तार हेच बरोबर उत्तर आहे. वेढे वाढवण्याचे खरे कारण असे असते, आणि ते कारण प्रकल्पाच्या वहीत लिहिलेले मला अजून वाचायला मिळालेले नाही.

तारेच्या बाबतीत आणखी एक घोटाळा सर्रास होतो. मुले इंटरनेटवरचे अमेरिकन व्हिडिओ पाहतात आणि त्यात सांगितलेला गेज नंबर (तारेच्या जाडीचा क्रमांक) दुकानात जाऊन मागतात. अमेरिकेचा गेज वेगळा आणि आपल्याकडे वाइंडिंगच्या दुकानात चालणारा एसडब्ल्यूजी (ब्रिटिश स्टँडर्ड वायर गेज) वेगळा. अमेरिकन १८ नंबर म्हणजे १.०२ मिलिमीटर, आपला १८ नंबर म्हणजे १.२२ मिलिमीटर. क्षेत्रफळात हा फरक चाळीस टक्क्यांहून अधिक आहे. व्हिडिओत ८० वेढे बसले ते इथे बसत नाहीत, मुले बसतील तेवढे देतात आणि मग दाब का कमी आला याचा शोध भलतीकडेच घेत राहतात. नंबर वाढतो तशी तार बारीक होते, हेही नव्या मुलांच्या लक्षात यायला वेळ लागतो. म्हणून गेज नंबर न सांगता मिलिमीटर सांगावेत आणि टोकाचे एनॅमल खरवडून मायक्रोमीटरने स्वतः मोजून घ्यावे. खरवडताना आतली तार पांढरी निघाली तर ती ॲल्युमिनियमची आहे असे समजावे. वरून लालसर दिसणारी, वजनाला हलकी अशी तारही बाजारात मिळते. ॲल्युमिनियमचा रोध तांब्याच्या सुमारे १.६ पट असतो. त्याची तार वापरूच नये असे नाही, पण मग तिला जाडी आणि बॉबिनला जागा त्या मानाने द्यावी लागते.

कॉईल जोडताना सुरुवातीचे आणि शेवटचे टोक ओळखून ठेवणे फार महत्त्वाचे असते. शेजारच्या दोन कॉईलपैकी एक उलट जोडली गेली तर त्यांचे दाब एकमेकांतून वजा होतात आणि नऊ कॉईलचे जनित्र सात कॉईलइतकाच दाब देते. प्रत्येक जोडानंतर चुंबक हाताने फिरवून दाब वाढला की घटला हे पाहिले तर ही चूक जागीच सापडते.

आपल्या हवेसाठी वार्निशचा विषयही टाळता येत नाही. खारी दमट हवा एनॅमलच्या बारीक छिद्रांतून आत शिरते, तांब्यावर हिरवा थर चढतो आणि पावसाळ्यात वाइंडिंग ओल धरते. रिवाइंडिंगवाले वार्निश देण्याआधी मोटारीच्या पोटात मोठा बल्ब रात्रभर पेटता ठेवून वाइंडिंग सुकवतात आणि मेगरवर (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या मीटरवर) इन्सुलेशन किमान एक मेगओहम दाखवीपर्यंत पुढे जात नाहीत. घरच्या जनित्रालाही हेच करावे. निओडिमियम चुंबकांवरचा निकेलचा मुलामा एकदा का ओरखडला की समुद्रकाठी ते आतून भुसभुशीत होत जातात, म्हणून त्यांना रेझिनमध्ये बसवणे चांगले. साध्या प्रतीचे हे चुंबक ८० अंश सेल्सिअसच्या वर कायमचे कमजोर होऊ लागतात, म्हणजे तापणारी कॉईल शेजारच्या चुंबकाचेही नुकसान करते.

शक्ती खरोखर वाढवायची असेल तर ती चुंबकाची ताकद, चुंबक आणि कॉईल यांमधली फट, फिरण्याचा वेग आणि एकूण तांब्याचे वजन यांतून वाढते. यांतील फट कमी करायला पैसे लागत नाहीत, फक्त सुतारासारखा सरळ हात आणि न लचकणारी चकती लागते. चिपळूणजवळ पोफळीला सह्याद्रीच्या पोटातील वीजगृह पाहायला शाळांच्या सहली जातात. अशा मोठ्या जलविद्युत जनित्रांच्या स्टेटरमध्ये केसासारखी तार नसते. तिथे जाड तांब्याच्या पट्ट्या खाचांत बसवलेल्या असतात आणि वेढे थोडेच असतात. सहलीला गेलेल्या मुलांना तिथल्या अभियंत्यांनी हे मुद्दाम सांगावे. आणि शेवटी फिरवणाऱ्याने जेवढे दिले त्याहून जास्त कोणतीही कॉईल परत देत नाही. लोड जोडताच जनित्र हाताला जड लागते, ते याचेच लक्षण आहे.

सुरक्षिततेबद्दल दोन शब्द. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आले, त्यानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडच्या अनेक गावांत दीर्घकाळ वीज नव्हती. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्तेचा तडाखा बसला. तेव्हापासून घरच्या घरी वीज तयार करण्याची ओढ आपल्याकडे वाढली आहे आणि ती रास्त आहे. परंतु असे जनित्र घराच्या वायरिंगला प्लगमधून कधीही जोडू नये. मेन स्विच चालू राहिला तर ही वीज उलटी ट्रान्सफॉर्मरमध्ये जाऊन दाब वाढून खांबावरच्या तारांत पोचते आणि त्या वेळी लाइन बंद आहे असे समजून वर चढलेल्या लाइनमनचा जीव जाऊ शकतो. बारीक तारेच्या कॉईलची मोकळी टोकेही हातात धरण्याची वस्तू नव्हे. ९६ व्होल्ट ओल्या हाताला पुरेसे आहेत.

माझी विनंती प्रदर्शनांच्या आयोजकांना, परीक्षकांना आणि आपल्या वार्ताहरांना आहे. जनित्राच्या प्रकल्पापुढे बिनलोडचे व्होल्ट लिहू देऊ नयेत. ठरावीक रोधाचा लोड जोडून त्यावरचे व्होल्ट आणि अँपिअर, मिनिटाला फेऱ्या, तारेची मिलिमीटरमधील जाडी, एकूण वेढे, कॉईलचा मोजलेला रोध आणि दहा मिनिटे चालवल्यानंतर कॉईलचे तापमान, एवढ्या गोष्टी तक्त्यावर असल्या पाहिजेत. परीक्षक म्हणून विज्ञानाच्या शिक्षकांबरोबर तालुक्यातल्या एखाद्या रिवाइंडिंग कारागिराला मानाने बोलवावे. जळालेली मोटार उघडून वेढे मोजत, तार मापत त्याने जे ज्ञान मिळवले आहे ते मुलांपर्यंत पोचण्याचा दुसरा मार्ग आज नाही. आयटीआयनीही सुटीच्या दिवशी आपली वाइंडिंग मशीन आणि मेगर शाळांच्या मुलांना वापरू द्यावेत. आणि आपण बातमी छापताना शीर्षकात व्होल्टऐवजी वॅट छापावेत, तेही कोणत्या लोडवर मोजले त्या तपशिलासह.

आपला नम्र,
एक निवृत्त आयटीआय निदेशक
जि. रत्नागिरी